बारक्या स्टेपनीवर चंदगड

भाऊबीजेला चंदगडला गाडीने जायचं, हे मी गणपतीतच ठरवलं होतं. अण्णांना पटवेपर्यंत दिवाळी आली. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त एस.टी. ड्रायव्हर. दर भाऊबीजेला ते लाल गाडीनेच आत्तीकडे जातात. मी जुनी चारचाकी घेऊन आठ महिने झाले होते आणि ते तीत एकदाही बसले नव्हते.

"यंदा बसतो," शेवटी ते म्हणाले. "नीट न्हेलंस तर फुडं बघू. न्हाईतर एस.टी. हायच की."

म्हणजे परीक्षाच. आणि परीक्षांशी माझं कधी जमलेलं नाही. दहावीला दोनदा बसून तो नाद सोडला. म्हणून तयारी जय्यत केली. वहीत बावीस मुद्द्यांची यादी लिहिली आणि तिचं शुद्धलेखन दोनदा तपासलं. तेल, पाणी, कागदपत्रं, विजेरी, दोरी, सुई-दोरा. चारही चाकांत हवा बरोबर तीस. सुई-दोरा कशाला ते विचारू नका.

सकाळी सहाला कोल्हापुरातून निघालो. कागल, निपाणी, संकेश्वरपर्यंत हमरस्ता आता चौपदरी आहे, काही त्रास नाही. संकेश्वरला उजवीकडे वळून गडहिंग्लज. तिथे स्टँडसमोर भजी गरम मिळतात आणि चहा इतका गोड, की एकात दोघांचं भागतं. तिथून नेसरी, अडकूर करत चंदगड. चहापाण्यासकट साडेतीन तास धरा. मला किती लागले ते पुढे येईलच.

अण्णा शेजारी बसून गाडी चालवत होते. म्हणजे हात मांडीवर, पण उजवा पाय प्रत्येक वळणाला चटईवर ब्रेक दाबायचा. दुसऱ्याच्या गाडीत त्यांचा कधी डोळा लागत नाही. वऱ्हाडाच्या ट्रकमध्येसुद्धा सगळे घोरत असताना हे ड्रायव्हरवर नजर ठेवून जागे असतात.

गडहिंग्लज सोडून पाऊण तास झाला असेल. रस्त्यात उसाचं एक कांडकं पडलं होतं. त्यावरून बैलगाडी जाते, सायकल जाते. पण मी खबरदारी म्हणून त्याला मोठा वळसा घातला, रस्त्याच्या कडेला उतरलो आणि एका धारदार दगडावर टायर बाजूने फाडून घेतला.

"उसाला भ्यालास व्हय?" अण्णा एवढंच म्हणाले.

टायर पंक्चर काढण्यापलीकडे गेला होता. मी मात्र शांत होतो, कारण स्टेपनी होती. माझ्या गाडीची स्टेपनी इतर चाकांच्या निम्म्या रुंदीची आहे. परदेशी पद्धत, नड भागवण्यापुरती, असं आधीच्या मालकाने सांगितलं होतं. तिच्यावर पिवळी चिठ्ठी आहे, ताशी ऐंशीच्या वर जायचं नाही, आणि कडेला हवेचा आकडा कोरलेला आहे, साठ. हे सगळं मी वाचलेलं होतं.

डिकी उघडली. स्टेपनीवर खंडेनवमीची वाळकी झेंडूची माळ होती आणि हळदीकुंकवाची पाच बोटं. जॅक आणि पान्याबरोबर मी तिची मनोभावे पूजा केली होती. चाक बसवलं, जॅक उतरवला, तशी गाडी त्या बाजूला बसतच गेली.

अण्णांनी वाकून बघितलं. "नारळ फोडलास, माळ घातलीस. हवा कोन भरणार, देव?"

बावीस मुद्द्यांत स्टेपनीची हवा नव्हती. मोबाईलला रेंज नव्हती. आणि तिकडे आत्ती भावाला ओवाळल्याशिवाय पाण्याला शिवत नाही. मी घड्याळ बघत होतो आणि अण्णा मला.

एवढ्यात चंदगडची एस.टी. आली. अण्णांनी हात करायच्या आधीच थांबली.

"मामा! हितं कुठं?" ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. अण्णांच्याच हाताखाली शिकलेला निघाला. "चला, बसा की. तासात सोडतो."

अण्णांनी दार उघडलं. दांडीला हात घातला. संपलं, मी मनात म्हटलं, आता हे जन्मात माझ्या गाडीत बसत नाहीत. मग त्यांनी मागे वळून बघितलं.

"चाक काढ आनि चढ तू," ते मला म्हणाले. "गाडी बंद पडली की मदत आणाय कंडक्टर जातो. ड्रायव्हर गाडीपाशी ऱ्हातो."

अशी माझी कंडक्टर म्हणून नेमणूक झाली. मी घाईघाईने चाक सोडवलं आणि मिठीत घेऊन चढलो. खऱ्या कंडक्टरने माळेकडे पाहिलं आणि विचारलं, "देवाचं अर्धं फाडू का फुल्ल?" सगळी गाडी हसली. फक्त पुढच्या सीटवरच्या एका म्हातारीने चाकाला हात जोडले आणि सरकून जागा दिली.

नेसरीत पंक्चरवाले चाचा सणाच्या दिवशीही दुकान उघडून बसले होते, हे माझं नशीब.

"तीस भरतो."

"साठ हवी. इथे कोरलंय."

"एवढ्याशा चाकात साठ? पावणं, फुटलं तर?"

मी आकडा पुसून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि हवा भरायला घेतली. मी दहा पावलं मागे जाऊन कानांवर हात ठेवले. चाचांनी पैसे घेतले नाहीत. "सणाला एवढी करमणूक कुठं होतीया," म्हणाले. परतीला उसाची रिकामी ट्रॉली मिळाली. अण्णा बांधावर बसले होते, गाडीच्या मागेपुढे दगड लावून, वर झाडाचा डहाळा खोचून.

पुढचा रस्ता मी चाळिसाने कापला. गाडी एका बाजूला ओढत होती, स्टिअरिंग मी दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. दुधाचे कॅन लावलेली एक लुना पुढे गेली.

"ऐंशी लिवलंय की त्यावर."

"ते जास्तीत जास्त, अण्णा."

"मग लुनाएवढं तरी जा."

पोचायला दोन वाजले. आत्ती तबक घेऊन उंबऱ्यातच उभी. तिची नजर आधी चाकावर गेली. "अगंबाई, सायकलचं बसवलंस?" मग भावाला ओवाळलं आणि घटाघटा तांब्याभर पाणी प्याली. ते बघून मला जेवण जाईना. म्हणजे तांदळाच्या पाच भाकऱ्या आणि कोंबडीचा रस्सा, एवढंच गेलं.

दुसऱ्या दिवशी चंदगडात माझ्या मापाचा टायर नव्हता, गडहिंग्लजची दुकानं सणामुळे बंद. म्हणजे कोल्हापूरपर्यंत तीच बारकी स्टेपनी. तुम्ही असं करू नका. टायरची सोय बघूनच निघा. अण्णा सकाळी स्टँडकडे जातील म्हणून मी त्यांच्या पिशवीवर लक्ष ठेवून होतो. त्यांनी पिशवी उचलली आणि माझ्या गाडीत ठेवली.

दर अर्ध्या तासाला थांबून मी चाकाला हात लावून बघत होतो. निपाणीच्या पुढे पन्नासाने चाललो होतो. वळण आलं आणि चटईवर आवाज झाला नाही. शेजारी पाहिलं. उजवा पाय सैल पडला होता, मान खिडकीला टेकली होती, टोपी डोळ्यांवर आली होती. मी वेग आणखी कमी केला. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू देत.

घरी आल्यावर आधी वहीत तेविसावा मुद्दा लिहिला: स्टेपनीची हवा, साठ, पूजेच्या आधी. तिघं लुनावाले, दोन ट्रॅक्टर आणि एक वरात मला मागे टाकून गेली, तेही लिहून ठेवलं. आत आई अण्णांना विचारत होती, "कशी चालवतोय वो पोरगा?"

"काय म्हाईत," अण्णा म्हणाले. "मी झोपलतो."