पाड्याचा एकच नंबर

जव्हारकडच्या वांगणीजवळच्या पाड्यावर माझी आत्या राहते. तिथे प्रत्येक घराचं बँकेत खातं आहे, पण खात्याला लावलेला मोबाईल नंबर सगळ्यांचा एकच, आत्याच्या पुतण्याचा. पाड्यात पहिला फोन त्याने घेतला, म्हणून सगळ्यांनी त्याचाच नंबर दिला. रेंज फक्त टेकडीवर, त्यामुळे मजुरीचा मेसेज आला की तो तिथून उतरायचा आणि दारोदार सांगत फिरायचा. पोरगा गुणाचा होता, हे मी आजही म्हणतो.

मग त्याच्या फोनवर लॉटरी खेळायचं ॲप आलं. आधी त्याने स्वतःचे पैसे उडवले, नंतर आत्याचे. ओटीपी त्यालाच येणार, मग विचारायचं कुणाला! घरावर पत्रे घालायचे म्हणून आत्या रोजगार हमीची मजुरी खात्यातच राखून ठेवत होती.

त्याच सुमारास सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. मी जव्हारला कचेरीत कारकून. पेपर घेऊन तडक पाडा गाठला आणि त्याला झाप झाप झापलं. त्याने निवांतपणे फोन पुढे केला. जुनं ॲप खरंच बंद पडलं होतं. त्याच्या जागी नवी लिंक आली होती, वर मोठ्या अक्षरांत 'सरकारमान्य'.

"दादा, कागदाची लॉटरी सरकारच इकतं ना? मंग ही पण त्याचीच."

माझं डोकंच फिरलं. पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस. म्हणाला, "लिंकवाले कुठे बसलेत देव जाणे. खातेदार बाईंना आणा, तक्रार लिहून घेतो."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल घेऊन आत्याच्या दारात उभा राहिलो. ती जागची हलेना.

"पोलीस त्याचा फोन नेतील. मंग पाड्याच्या मजुरीचा मेसेज कुठं येल?"

"माझा नंबर लावू."

"तू जव्हारला. आमाला सांगाय कोण येल?"

मला राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढावा तेच कळेना. बंदी झाली होती, पोलीस ऐकत होते, पुतण्याही समोरच बसला होता. तरी माझ्या हातात काहीच नव्हतं.

"तो म्हनतो, एकदा लागली का सगळं परत येल," आत्या हळूच म्हणाली. "तू शिकलेला. लागंल ना रं?"

"नाही लागणार, आत्या."

तिने वर छपराकडे पाहिलं. "मंग पत्रं कशानं येतील, ते तरी सांग."