अकराव्या पानापर्यंत

सा देक गावच्या शाळेत लुयेनबाईंचं इंग्रजी म्हणजे पाठांतर. फळ्यावर मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि पंचेचाळीस मुलांचा एक सूर. बाई मूळच्या रशियन भाषेच्या. रशियनचे वर्ग ओस पडले तेव्हा वरून हुकूम आला आणि दोन वर्षांत त्या इंग्रजीच्या झाल्या. शिकवण्यापुरते शब्द त्यांच्यापाशी जमले. पुस्तक वाचण्यापुरते कधी जमले नाहीत. तरी दरवर्षी वर्गाला सांगायच्या, "शब्द वाचनातून येतात. वाचनालयात ती दीपगृहाची इंग्रजी कादंबरी आहे ना, मी तीनदा वाचलीय."

ती कादंबरी आजवर एकाही मुलाने घेतली नव्हती. यंदा वर्गातल्या मिएनने घेतली.

शिक्षकदिनाला मुलं शेवंतीची फुलं घेऊन बाईंच्या घरी आली. नारळाच्या वड्यांवर ताव मारणं चाललं होतं, तेवढ्यात मिएनने पिशवीतून पुस्तक काढलं.

"बाई, तुमचं अक्षर लगेच ओळखलं मी. शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहिलेत. पण अकराव्या पानानंतर एकही नाही. तिथून पुढे तुम्हाला आपोआप यायला लागलं ना?"

बाई चहा ओतायच्या थांबल्या.

"मीपण अकरानंतर अर्थ बघायचे सोडले, तुमच्यासारखे. महिना झाला. एक ओळ कळत नाही. इंग्रजीच्या स्पर्धेतून माझं नाव काढा बाई. माझं डोकंच नाही तेवढं."

"बाईंची बरोबरी करायला निघालीय!" तोआन म्हणाला. पोरं खिदळली.

'येईल हळूहळू' म्हटलं असतं तरी भागलं असतं. इतकी वर्षं तसंच भागत आलं होतं. पण मिएन हसत नव्हती. पुस्तक मांडीवर घेऊन ती मान खाली घालून बसली होती.

"मला येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "अकराव्या पानावर मी पुस्तक मिटलं."

"मग तीनदा वाचलंत ते?"

"एकदाही नाही वाचलं. खोटं बोलले."

चघळणारी तोंडं थांबली. तोआन फरशीकडे बघू लागला. मिएन रागावली असती तर बाईंनी सोसलं असतं. ती नुसती ओशाळली, जणू चूक तिचीच होती. मुलं लवकर उठली, नेहमीपेक्षा जास्त मान लववून गेली.

"नाव राहू दे स्पर्धेत," बाई दारातून मिएनला म्हणाल्या. "सोमवारी झेंडावंदनाच्या आधी वर्गात येशील? पुढचं पान मलाही वाचायचंय."

मिएन पुस्तक पिशवीत घालून चालू लागली.

सोमवारी बाई सहालाच वर्गात जाऊन बसल्या. साडेसहा वाजत आले तेव्हा मिएन आली. बाकावर शेजारी बसली, थोडं अंतर राखून. "तुम्ही वाचा आधी."

बाईंनी सुरुवात केली. चौथ्याच शब्दाला अडल्या. बाहेर सायकली लागत होत्या, खिडकीपाशी कुणीतरी थबकलं. बाईंचे कान तापले, पण त्यांनी आवाज खाली आणला नाही. अडलेला शब्द त्यांनी पुन्हा मोठ्याने म्हटला आणि मिएनला विचारलं, "याचा अर्थ काय गं?"