व्हरांड्यातली जागा

काय सांगायचं तुम्हाला, या तोंडानं मला आजवर पुष्कळ ठिकाणी पुढं नेलं आणि दोन ठिकाणी सपशेल आडवं पाडलं. त्यातलं एक आज सांगते. दुसरं मी मेल्यावर माझी नणंद सांगेल, तिला ते फार आवडतं.

पण आधी एक ध्यानात ठेवा, नाहीतर उगाच मला भांडखोर म्हणाल. मी चौथी शिकले. पण कुठं बसून? शाळेच्या व्हरांड्यात. आत गावची पोरं, बाहेर आमच्या वस्तीतली आम्ही तिघं. गुरुजी आमच्या पाट्या लांबून बघायचे आणि खडू वरून टाकायचे. झेलला तर झेलला, नाहीतर मातीतून वेचायचा. तिसापर्यंतचे पाढे मी खिडकीतून पाठ केले. वळचणीचं पाणी पाटीवर गळून लिहिलेलं पुसलं, की गुरुजी म्हणायचे, "अभ्यास केला नाही." पुढं आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पाठोपाठ पोरगी झाली, तिचं नाव सुजाता ठेवलं आणि तेव्हाच ठरवलं, ही आत बसणार. पहिल्या बाकावर.

सुजाता भोरला कॉलेजात गेली. आमच्या वस्तीतली पहिलीच. पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झाली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी इतकं बोलले की तिला वाटलं असेल, आई गप्प होती तेच बरं. शेवटी म्हटलं, जा, पुन्हा बस त्याच वर्गात. आमच्या वेळची रीत तीच होती. चौथीत एका विषयात गेलात की सगळी चौथी पुन्हा. त्याच कविता, तेच पाढे, तोच मार. कॉलेजात काही निराळं असेल असं मला कशाला वाटेल?

एकदा भोरच्या बाजाराच्या दिवशी मी आणि माझी धाकटी नणंद वच्छी एसटीनं निघालो. टोपलीत भाताच्या तुसात तीस अंडी, विकायला. म्हटलं, जाता जाता पोरीला भाकरी आणि सुकटीची चटणी देऊ.

कॉलेजात शिरलो आणि माझे पाय जागीच थांबले. वर्ग भरलेला. गणिताचे सर फळ्याशी. पोरंपोरी बाकांवर. आणि माझी सुजाता? व्हरांड्यात. एकटी. भिंतीला टेकून, मांडीवर पुस्तक.

"का गं, भाईर का बसलीस?"

"गणिताचा तास हाय, आये."

"मग आत जा की."

"सर म्हनले, तू या तासाला बसू नगंस."

"सर म्हनले?"

"तसं न्हाई गं, ऐक तरी पुढचं…"

आता तुम्हीच सांगा, पुढचं कोण ऐकेल? माझ्या डोळ्यांपुढं वळचण गळायला लागली होती. त्यात वच्छी माझ्या कानाला लागली.

"वैनी, ह्यो तर आपल्या टायमाचाच गुरुजी दिसतोय. निस्ती प्यांट घातलीय."

झालं. टोपली कमरेवर घेतली आणि सरळ वर्गात घुसले. सर वाळकुडे, तिशीच्या आतले. हातातला खडू तसाच धरून म्हणाले, "बाई, कोण आपण?"

"भाईर बसवलीय तिची आई."

"सुजाताची आई? या, या. अहो, तिला या तासाला बसायची गरज नाही."

"गरज हाय का न्हाई ह्ये तुमी ठरवनार? पस्तीस वर्सांमागं आमच्या गुरुजींनी बी असंच ठरवलं व्हतं. आता कायदा झालाय, सर."

"कायदा मला माहीत आहे, पण…"

"मग पन कशाला?"

मागच्या बाकावरचा एक जण खुदकन हसला. त्याला म्हटलं, "तू का रं हसतोस? नाव सांग तुझं, आज तुझ्या आयशीला बाजारात गाठते." त्याचं हसू विझलं. मग मी सुजाताला दंडाला धरून आत आणलं. पहिल्या बाकावरचे दोघं न सांगता उठले. तिथं तिला बसवलं, शेजारी मी बसले, मांडीवर टोपली घेतली.

"आमच्या घरचं मानूस आजपासनं भाईर बसनार न्हाई. मी बी हितनं उठनार न्हाई. बोलवा कुनाला बोलवायचं त्याला."

सरांनी खरंच बोलावलं. प्राचार्य आले. त्यांना मी सगळं पहिल्यापासून ऐकवलं. व्हरांडा, खडू, वळचण, काही ठेवलं नाही. सुजाता माझा पदर ओढत होती. मला वाटलं, पोरगी घाबरली, म्हणून आणखी चढ्या आवाजात बोलले. दारात वच्छी उभी राहून "आगदी बराबर" म्हणत होती.  माझं संपल्यावर प्राचार्यांनी शिपायाला पाठवून एक जाडजूड वही मागवली आणि माझ्यापुढं उघडली.

"वाचता येतं ना?"

हे लागलं मला. "मोडी सोडून समदं वाचते," म्हटलं आणि बोट ठेवून वाचायला लागले. सुजाताचं नाव. इंग्रजी, शंभरात अठ्ठावीस. गणित, शंभरात एक्क्याऐंशी.

"बाई," प्राचार्य म्हणाले, "कॉलेजात पास झालेला विषय पदरात राहतो. एवढे मार्क पडल्यावर तुमच्या मुलीला गणिताची परीक्षा पुन्हा द्यायची नाही, की तासालाही बसायचं नाही. तेवढ्या वेळात तिनं इंग्रजी करावं म्हणून सरांनी तिला मोकळं सोडलंय. गेल्या वर्षी अख्ख्या वर्गात गणिताचे सगळ्यांत जास्त मार्क तिचे होते."

मांडीवरच्या तुसात एक अंडं सरकलं.

मी सुजाताकडे बघितलं. ती बाकाकडे बघत होती.

"मला आधी सांगाया काय झालं व्हतं तुला?"

"आठ दिस सांगत व्हते. तू म्हनलीस, गणिताचं कवतिक नगं, आधी इंग्रजीचं तोंड दाखव."

म्हटलं होतं खरं. पण आई रागात असताना सांगितलेलं, सांगितलं यात धरायचं का? आणि पस्तीस वर्षांत एखाद्या व्हरांड्यानं आपली रीत बदलली, तर निदान दारावर पाटी तरी लावायची. मला काय स्वप्न पडणार होतं?

प्राचार्य निघून गेले. मी उठायला लागले, तर सर म्हणाले, "नाही बाई, उठू नका. तुमचं एक बरोबर आहे. माझ्या वर्गातून कुणाला बाहेर घालवायचं नाही. आणि तुम्हीच म्हणालात, उठणार नाही. बसा, अर्धा तास बाकी आहे."

हा टोमणा होता की मान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सुजातानं मात्र आपलं पुस्तक उचललं आणि ती चालती झाली. मी आत. मांडीवर तीस अंडी, त्यामुळं पाय हलवायचीही सोय नाही.

सरांनी शिकवायला सुरुवात केली. ज्याची किंमत माहीत नाही त्याला एक्स म्हणायचं, एवढं मला समजलं. असे आमच्या गावात पुष्कळ आहेत. पण पुढं त्या एक्सच्या डोक्यावर सरांनी एक बारीक दोन बसवला आणि माझी वाट चुकली. "समजलं?" म्हणून सर पहिलं माझ्याकडेच बघायचे. मी मान हलवायची. मी मान हलवली की ते पुढं पळायचे. मागून पोरं कुरकुरत होती, ती बहुतेक मलाच शिव्या देत असणार.

मधेच सरांनी विचारलं, "सतरा सक किती?"

पोरं वहीत आकडे मांडायला लागली. माझं तोंड कधी थांबलंय?

"एकशे दोन."

सर वळले. "तेवीस नवे?"

"दोनशे सात."

"एकोणतीस आठे?"

"दोनशे बत्तीस. खिडकीतनं शिकलेय, सर."

सर खाली उतरून माझ्यापाशी आले आणि माझ्या हातात खडू दिला. टाकला नाही. हातात दिला, बोटं लागतील असा. मी तो मुठीत घट्ट धरला. आणि तेवढ्यात ते म्हणाले, "या, पुढचं उदाहरण फळ्यावर तुम्ही सोडवा."

मी फळ्याकडे बघितलं. दोन ओळी नुसती अक्षरं, आणि दर दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर तो बारका दोन. गावाच्या चावडीत पाटलासमोर न वाकलेली बाई मी. टोपली बाकावर ठेवली, उभी राहिले आणि हात जोडले.

"सर, एवढी एक मेहरबानी करा. मला भाईर बसू द्या."

या वेळी सगळा वर्ग हसला आणि कुणाच्याही आयशीचं नाव काढायला मला तोंड राहिलं नव्हतं.

बाहेर आले. वच्छी आणि सुजाता भाकरी संपवून चटणीची बोटं चाटत होत्या. खडू माझ्या मुठीतच होता. मी टोपली खाली ठेवली आणि सुजाताच्या शेजारी टेकायला गेले, तर तिनं आपलं पुस्तक त्या जागेवर आडवं ठेवलं.

"आये, हितं कुनालाबी बसता येत न्हाई," ती म्हणाली. "हितं बसायला आधी पास व्हावं लागतं."