‘थ्रेशर’ नाही, ‘अर्धा ग्लास’

संद्या गेला त्याला आज वर्ष झालं, आणि लोक अजून त्याचा चुकीचा अल्बम ऐकताहेत.

हो, चुकीचा. ज्याला राग येईल त्याने खुशाल अनफ्रेंड करावं.

आमचा बँड ‘खारपट्टा’. वडनेर भोलजीचे तिघे. संद्या गिटार आणि गाणं, मुन्ना बेस, मी ड्रम्स. दोनच अल्बम केले.

पहिला ‘थ्रेशर’. सोयाबीन काढायच्या मशीनचा आवाज रेकॉर्ड करून आम्ही तो उलटा चालवला होता. बोअरच्या मोटारीच्या घरघरीवर गिटार लावली होती. पुण्यातल्या जाणकारांनी डोक्यावर घेतला.

संद्याच्या बाबांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते खाटेवरून उठूनच बसले.

“मशीनमधी गोटा गेला काय बे?”

मला तो अल्बम आवडतो. त्यात जिकडेतिकडे माझे ड्रम्स आहेत. दुसऱ्यात मी जेमतेम आहे. म्हणजे आज जे बोलतोय त्यात माझा काही फायदा नाही, एवढं ध्यानात घ्या.

मग संद्याच्या किडन्या गेल्या.

खामगावला डायलिसिस सुरू झालं आणि पाण्यावर बंदी आली. दिवसभराचं पाणी वहिनी, संद्याची बायको, सकाळीच एका बाटलीत काढून ठेवायच्या. एका वेळी अर्धा ग्लास. तो मागायचा, त्या नाही म्हणायच्या. दोघं पार भांडायचे.

आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी. चहा नंतर. पण संद्याच्या घरी लोकांनी पाणी पिणंच बंद केलं. त्याच्यासमोर कसं प्यायचं? वहिनी ट्रे घेऊन आल्या की जो तो म्हणायचा, आत्ताच पिऊन आलो.

संद्या ते बघत राहायचा. दुसरा अल्बम, ‘अर्धा ग्लास’, त्यातून आला.

रेकॉर्डिंग त्याच्याच बैठकीत. लॅपटॉपवर मी. दम पुरत नव्हता म्हणून त्याने ओळी लहान केल्या होत्या.

“तू नाही म्हणत राह्य,
मी मागत राह्यतो.”

तेवढ्यात मुन्ना आला. उन्हातून मोटरसायकलवर, घामाघूम. वहिनींनी ग्लास पुढे केला.

“नको वैनी, पेऊन आलो.”

संद्या गाता गाता थांबला.

“काऊन बे? कुठं पेऊन आला?”

“तसं नाही ना भाऊ...”

“मले मना हाय, तुले नाही. माह्या घरून तहानला जाशीन त पुन्हा येऊ नको.”

मुन्नाने ग्लास घेतला आणि घटाघटा प्यायला. संद्या त्याच्याकडे बघत होता. मग त्याने ॲम्पचा आवाज पुरता वर केला आणि गिटार अशी वाजवली की भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं. तसं त्याने आधी कधीच वाजवलं नव्हतं.

रेकॉर्डिंग चालूच होतं. सगळं आलं त्यात. त्याचं ओरडणं, मुन्नाचे घोट, स्टीलचा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज. मी म्हणालो, हे कापून टाकतो.

“राहू दे बे. तेच गाणं हाय.”

वहिनींनी ते ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, “साऱ्या गावाले सांगतलं तुमी.” आणि आत निघून गेल्या. आपल्याच माणसाला पाणी नाही म्हणणारी बाई म्हणून आपण गाण्यात राहणार, हे त्यांना लागलं होतं.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका मित्राचा फोन आला. आठवणीचा कार्यक्रम करतोय, ‘थ्रेशर’ पूर्ण वाजवू या. “दुसरा जरा पर्सनल आहे रे. त्यात प्रयोग नाही.”

प्रयोग?

मशीन उलटं वाजवायला लॅपटॉप लागतो भाऊ. मला तहान लागलीये, हे बायकोच्या देखत माइकवर म्हणायला छाती लागते.

‘थ्रेशर’ ऐकून लोक विचारायचे, हे केलं कसं? ‘अर्धा ग्लास’ डायलिसिसच्या शेजारच्या बेडवरच्या एका म्हाताऱ्याने मोबाइलवर ऐकला आणि संद्याला म्हणाला, “हे त माहं हाय. तुले कोणं सांगतलं?”

‘थ्रेशर’ला असं ‘माझं’ कोणी म्हणालं नाही. खरं सांगायचं तर आम्ही तिघंसुद्धा नाही.

पुण्याला सरळ ‘नाही’ म्हणून कळवलं. आज वडनेरलाच, संद्याच्या अंगणात वाजवलं. दुसरा अल्बम, अख्खा. संद्याच्या ओळी मुन्ना गायला. बेसूर गायला, पण गायला.

सुरू करायच्या आधी वहिनी ट्रे घेऊन फिरल्या. एकानेही नको म्हटलं नाही. मुन्ना दोन ग्लास प्यायला.

शेवटचा ग्लास वहिनींनी संद्याच्या फोटोपुढे ठेवला. मी सवयीने वाकून बघितलं, किती भरलाय.

काठोकाठ होता. थोडं पाणी टेबलावर सांडलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

पे बे संद्या. आता तुले कोणी नाही म्हणत नाही.