काळं पडलेलं पॅलेडियम

माझ्या गाइड सरांच्या फ्लास्कचा तळ आज तिसऱ्यांदा काळा पडला, आणि मला फार बरं वाटलं.

ब्रोमाइड आणि अमाइन या रसायनांची गाठ पॅलेडियम उत्प्रेरक म्हणून घालून देतं आणि स्वतः बाजूला होतं. तयार झालेल्या रेणूत त्याचा मागमूस राहत नाही. शोधनिबंधातून माझं नाव काढताना सर म्हणाले होते, "अगं, तू नुसतं ढवळलंस."

पॅलेडियम सोशिक वाटतं, पण नसतं. हवा लागली की काम सोडून ते काळं होऊन तळाशी बसतं. म्हणून हवा घालवायला मी आधी अर्धा तास द्रावणातून नायट्रोजन सोडायचे. माझ्या प्रयोगवहीतली ती ओळ सरांनीच "फालतू तपशील" म्हणून खोडली होती.

"काय चुकतंय गं?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर," मी म्हणाले. "नुसतं ढवळा."