माझ्या जागी खराटा

आमच्या मुलुंडच्या कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट झाडणाऱ्या मावशी प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायच्या. "सरक गं, सरक गं." स्वतः झाडलेल्या कोर्टवर त्या कधी चप्पल घालून आल्या नाहीत.

त्या वर्षी कॅप्टनचा घोटा मुरगळला आणि पाठोपाठ माझा गुडघा गेला. टीममध्ये सगळ्यात उंच मीच. आता प्रॅक्टिसला मुलींचे शॉट अडवणार कोण? मावशी चपला काढून रिंगखाली येऊन उभ्या राहिल्या आणि लांब दांड्याचा खराटा त्यांनी डोक्यावर उभा धरला. "याच्यावरून टाका, याच्यावरून टाका." मुली आधी हसल्या, मग रोज त्याच्यावरूनच टाकू लागल्या. मी गुडघ्याला पट्टा बांधून बाकावर. असला राग यायचा मला त्या खराट्याचा!

चार महिन्यांनी मी कोर्टवर परतले. सगळ्या मला जपत होत्या, कुणी साधा धक्कासुद्धा देईना. उडी मारायची मलाही भीतीच वाटत होती.

"मावशी, जरा खाली घ्या ना."

त्यांनी खराटा वीतभर वर नेला. मी उडी मारली. बॉल खराट्यावर आपटला, पण गुडघा शाबूत होता.

मावशींनी पायानेच बॉल माझ्याकडे ढकलला. "परत मार, परत मार."