सासूबाईंना आत नेण्याचं काम

माझ्या पुतणीने स्त्री-अभ्यासात एम.ए. केलं, तेव्हा तिचे वडील, म्हणजे माझे दीर म्हणाले, "बायकांचा अभ्यास? तो मी लग्नापासून करतोय, मला कोणी नोकरी दिली नाही!" तिला मात्र एका शिवणकारखान्याने तात्पुरतं घेतलं. बायका महिन्याभरात काम का सोडतात, हे शोधलं तरच नोकरी पक्की होणार होती.

एका रविवारी ती मला सोबत घेऊन निघाली. कशाला, ते सांगेना. काम सोडलेल्या एका बाईच्या घरी गेलो, तर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिची सासूच देत होती. पुतणी हळूच म्हणाली, "काकू, यांना गुडघेदुखीवर काहीतरी विचार ना." मी विचारताच सासूबाई मला तेल दाखवायला आत घेऊन गेल्या.

परतताना पुतणीने सुनेचं म्हणणं सांगितलं. बाथरूमची किल्ली सुपरवायझरकडे असते, दर वेळी सगळ्या पुरुषांसमोर मागावी लागते.

"सासूला असं आत पाठवायचं, हे कॉलेजात शिकवलं का गं?" मी विचारलं.

"एकटीला गाठून ऐकायचं, एवढं शिकवलं. गुडघ्यांची युक्ती माझी."

बाकीच्या घरांतही तेच निघालं. कारखान्याने कुलूप काढलं आणि पुतणीला कायम केलं.